ती कुणाकडून हरते, ते आधी लिहून ठेवा: बॅडमिंटनमधील कारकिर्दीविषयी एका पालकांना उत्तर

तासगावजवळच्या एका द्राक्ष बागायतदार पालकांनी मला विचारलेला प्रश्न थोडक्यात असा आहे. त्यांची मुलगी बारा वर्षांची आहे. यंदा तेरा वर्षांखालील गटात सांगली जिल्हा निवड स्पर्धा तिने जिंकली, राज्य स्पर्धेत मात्र ती दुसऱ्या फेरीत हरली. तिला हैदराबाद किंवा बंगळूरच्या निवासी अकादमीत ठेवावे, असे नातेवाइकांचे म्हणणे आहे आणि त्यासाठी बागेवर कर्ज काढण्याची वडिलांची तयारी आहे. बॅडमिंटन ही खरोखरच कारकीर्द होऊ शकते का, आणि होत असेल तर ती कशी उभी राहते, हे त्यांना आधी समजून घ्यायचे आहे.

मी अठ्ठावीस वर्षे सांगलीत मुलांना हा खेळ शिकवतो आहे. त्यापूर्वी शिवाजी विद्यापीठाच्या संघातून पश्चिम विभागीय आंतरविद्यापीठ स्पर्धा खेळलो आणि खेळाडूंसाठीच्या भरतीतून मला नोकरी मिळाली, त्यामुळे या प्रश्नाच्या दोन्ही बाजू मी जवळून पाहिल्या आहेत. माझे उत्तर असे की यंदा तिला कुठेही पाठवू नये, बागेवर कर्ज तर मुळीच काढू नये, आणि खेळ मात्र एक दिवसही थांबवू नये. असे का म्हणतो, ते सविस्तर सांगणे आवश्यक आहे, कारण नुसता सल्ला ऐकून कोणत्याही आईवडिलांचे समाधान होत नाही आणि होऊही नये.

पालक माझ्याकडे येतात तेव्हा सोबत पदकांची पिशवी आणतात. मी ती आदराने पाहतो, परंतु मला त्यातून मुलाविषयी फार थोडे कळते. तेरा वर्षांखालील गटात जिल्ह्यातील विजेतेपद बऱ्याचदा उंचीने आणि वयाने ठरते. एकाच गटात खेळणाऱ्या दोन मुलींमध्ये दहा-अकरा महिन्यांचे अंतर असू शकते, आणि या वयात दहा महिने म्हणजे कधीकधी चार बोटे उंची आणि मागच्या रेषेवरून पलीकडच्या मागच्या रेषेपर्यंत शटल पोहोचवण्याची ताकद असते. जिची ताकद आधी येते ती जिंकते, आणि पंधराव्या वर्षी बाकीच्या मुली तिच्या बरोबरीला आल्या की तिच्याकडे दुसरे काही उरलेले नसते. म्हणून मी पदकांऐवजी पराभव विचारतो. ती कुणाकडून हरली, किती गुणांनी हरली, आणि तीच प्रतिस्पर्धी सहा महिन्यांनी समोर आली तेव्हा काय झाले?

माझ्याकडे काही वर्षांपूर्वी दोन मुली एकाच वेळी शिकत होत्या. एकीने सलग तीन वर्षे जिल्हा स्पर्धा जिंकली, अंतिम सामना २१-६, २१-८ अशा गुणांनी. दुसरी जिल्ह्यात तिच्याकडून हरायची आणि राज्य स्पर्धेत पहिल्या किंवा दुसऱ्या फेरीत बाहेर पडायची. पण दुसरीच्या वहीत पुण्याच्या एकाच मुलीविरुद्धचे तीन पराभव होते. पहिला ९ आणि ११ गुणांवर, दुसरा १५ आणि १७ गुणांवर, तिसरा तिसऱ्या गेममध्ये १९-२१ असा. पहिली मुलगी सोळाव्या वर्षी खेळ सोडून गेली, कारण हरणे म्हणजे काय याची तिला सवयच नव्हती आणि राज्य पातळीवर हरू लागल्यावर ते तिला सोसले नाही. दुसरी पुढे वरिष्ठ गटात महाराष्ट्राच्या संघापर्यंत गेली. दोघींमधील फरक मला वहीतून दोन वर्षे आधी दिसला होता, आणि पहिलीच्या आईवडिलांना तो वेळीच समजावून सांगता आला नाही, ही खंत मला अजून आहे.

त्यामुळे माझी पहिली विनंती आहे ती वहीची. शंभर पानी साधी वही पुरेशी आहे. प्रत्येक अधिकृत सामन्यानंतर, त्याच दिवशी नव्हे तर दुसऱ्या दिवशी सकाळी, मुलीने स्वतःच्या हाताने प्रतिस्पर्धी मुलीचे नाव, जिल्हा, गुण आणि तीन-चार ओळी लिहाव्यात. गुण कुठे गेले, नेटजवळ की मागच्या बॅकहँड कोपऱ्यात. सर्व्हिस परतवताना किती गेले. आणि अकरा गुणांवर मिळणाऱ्या एका मिनिटाच्या विश्रांतीनंतर सामना कोणत्या बाजूला झुकला. हा शेवटचा मुद्दा मी मुद्दाम लिहायला लावतो, कारण विश्रांतीनंतर खेळ बदलणारी मुलगी विचार करून खेळते आहे, हे त्यातून कळते. वडिलांनी वही लिहू नये आणि दुरुस्तही करू नये. दीड वर्षात ती वही तुम्हाला जे सांगेल ते कोणताही प्रशिक्षक एका निवड चाचणीत सांगू शकणार नाही.

आता सांगलीत राहून काय मिळते आणि काय मिळत नाही, याचा प्रामाणिक हिशेब मांडतो. २०१९ च्या महापुरात आमच्या हॉलमध्ये कृष्णेचे पाणी शिरले, लाकडी फळ्या फुगून वर आल्या आणि कित्येक महिने मुलांना दुसरीकडे सिमेंटवर पायाच्या हालचालींचा सराव करावा लागला. ती अडचण आता राहिलेली नाही. फळ्यांवर सिंथेटिक मॅट आहे, उजेड चांगला आहे, मूलभूत फटके नीट शिकवणारी माणसे सांगलीत, मिरजेत, साताऱ्यात आणि कोल्हापुरात आहेत. उणीव आहे ती प्रतिस्पर्ध्यांची. आमच्या हॉलमध्ये बारा वर्षांच्या तुमच्या मुलीला रोज हरवू शकतील अशा तिच्या वयाच्या मुली दोनच आहेत, आणि पुण्यात एका चांगल्या केंद्रावर त्या पंधरा-वीस असतात. मोठ्या शहरांचे खरे वैभव हे आहे, आणि ते आजचे नाही. नंदू नाटेकर यांचा जन्म १९३३ साली सांगलीतच झाला. १९५६ मध्ये क्वालालंपूर येथील स्पर्धा जिंकून परदेशात विजेतेपद मिळवणारे ते पहिले भारतीय बॅडमिंटनपटू ठरले आणि १९६१ मध्ये अर्जुन पुरस्कार सुरू झाला त्या पहिल्याच वर्षी तो त्यांना मिळाला. सांगलीच्या प्रत्येक हॉलमध्ये त्यांचे नाव अभिमानाने घेतले जाते आणि ते योग्यच आहे, परंतु त्यांचा खेळ घडला तो मुंबईत, जिथे त्या काळचे उत्तम खेळाडू रोज समोर उभे राहत होते, हेही मुलांना सांगायला हवे.

बाराव्या वर्षी ही उणीव घर न सोडता बऱ्याच अंशी भरून काढता येते. आठवड्यातून तीन दिवस मुलीला पंधरा-सोळा वर्षांच्या मुलांशी खेळू द्यावे. मुलांचा स्मॅश वेगवान असतो, त्यामुळे तिचा बचाव आपोआप खाली बसून, गुडघे वाकवून होऊ लागतो. सकाळी सहा वाजता येणाऱ्या चाळिशी-पन्नाशीच्या खेळाडूंबरोबर तिने दुहेरी खेळावी. ते धावत नाहीत, पण शटल कुठे ठेवायचे हे त्यांना पक्के ठाऊक असते, आणि नेटजवळचा हळुवार फटका माझ्या कित्येक विद्यार्थ्यांनी त्यांच्याकडूनच उचलला आहे. महिन्यातून एक शनिवार-रविवार कोयना एक्स्प्रेसने पुण्याला जाऊन तिथल्या केंद्रावर फक्त सामने खेळावेत. उन्हाळ्याच्या सुट्टीत चार आठवडे तिथेच नातेवाइकांकडे राहून सराव करावा. या सगळ्याचा खर्च निवासी अकादमीच्या तुलनेत फारच कमी येतो, आणि मुलगी रात्री आईच्या हातची भाकरी खाऊन झोपते, याचे मोल मी खेळाच्या दृष्टीनेही मोठे मानतो.

शटलविषयी थोडे विस्ताराने लिहितो, कारण ग्रामीण भागातील मुलांचे सर्वाधिक नुकसान इथे होते आणि त्याची चर्चा कुणी करत नाही. स्पर्धेचे शटल सोळा पिसांचे असते आणि त्याचे वजन ४.७४ ते ५.५० ग्रॅम असते. जोरात मारलेले पिसांचे शटल हवेत झपाट्याने वेग गमावते आणि शेवटी सरळ खाली पडते. नायलॉनचे शटल वेग सावकाश गमावते आणि लांब, चपट्या रेषेत येते. जी मुले तीन-चार वर्षे केवळ नायलॉनवर खेळतात त्यांचा फटक्याचा क्षण चुकीच्या जागी पक्का होतो. राज्य स्पर्धेत पिसांचे शटल डोक्यावरून खाली येऊ लागले की ती अर्धे पाऊल मागे उभी असतात, आणि प्रेक्षकांत बसलेल्या पालकांना वाटते की मुलगी दडपणाखाली आली. पिसांच्या शटलचे भाव अलीकडे फार वाढले आहेत, हे मान्य आहे. तरीही पैसा कुठे तरी घालायचाच असेल तर महागड्या रॅकेटऐवजी तो इथे घालावा. आठवड्याला दोन नळ्या पिसांची शटले, मधल्या दर्जाची एक रॅकेट आणि तिची योग्य ताणाची गटिंग, म्हणजे तारांची जाळी, एवढ्यात बारा वर्षांच्या मुलीचे भागते. कंपनीच्या जाहिरातीतील खेळाडूइतका ताण तिच्या रॅकेटला मुळीच देऊ नये; तिच्या कोपराला आणि खांद्याला तो झेपत नाही. आणखी एक गोष्ट म्हणजे गरम हवेत आणि समुद्रसपाटीपासून उंचावरच्या गावी शटल अधिक वेगाने जाते. त्यामुळे सामन्याआधी शटल तपासण्याची पद्धत तिला शिकवावी. मागच्या रेषेवरून खालून वर पूर्ण ताकदीने मारलेले शटल पलीकडच्या मागच्या रेषेच्या ५३ ते ९९ सेंटिमीटर अलीकडे पडले, तर त्याचा वेग योग्य समजतात. हे ज्ञान असलेली मुलगी पहिले पाच गुण वाया घालवत नाही.

शरीराचा विषय याहून गंभीर आहे. बारा ते चौदा या काळात मुलींची उंची भराभर वाढते, हाडे आधी वाढतात आणि स्नायू मागून येतात. गुडघ्याच्या वाटीखाली, नडगीच्या वरच्या टोकाला जो उंचवटा असतो, तिथे मांडीच्या स्नायूचा कंडरा जोडलेला असतो. वाढत्या वयात ती जागा पक्की झालेली नसते, आणि उड्या, लंज (एक पाय लांब टाकून खाली झुकणे), अचानक थांबणे यांमुळे तिथे ओढ बसून सूज येते व दुखू लागते. आमच्याकडे पालक त्यावर तेल चोळतात आणि पट्टा बांधून मुलीला पुन्हा कोर्टवर पाठवतात. अशा वेळी उड्यांचे प्रमाण कमी करून मनगटाचा, नेटचा आणि सर्व्हिसचा सराव वाढवावा आणि क्रीडा क्षेत्राचा अनुभव असलेल्या फिजिओथेरपिस्टला दाखवावे. बहुतेक मुली यातून पूर्ण बऱ्या होतात, फक्त त्यांना तेवढा वेळ द्यावा लागतो.

पाळी सुरू झाल्यानंतर मुलीचे हिमोग्लोबिन वर्षातून दोनदा तपासावे, कारण तिसऱ्या गेममध्ये जिचे पाय उचलत नाहीत तिला आळशी ठरवण्याआधी तिच्या रक्तात लोह पुरेसे आहे का, हे पाहणे आपले कर्तव्य आहे. कष्टाच्या सरावाबरोबर खाणे कमी पडले तर पाळी अनियमित होते किंवा थांबते आणि हाडे ठिसूळ होऊ लागतात. अशा स्थितीत झालेले हाडाचे बारीक फ्रॅक्चर भरून यायला महिने लागतात. हे विषय घरात बोलले जात नाहीत, पुरुष प्रशिक्षकाशी तर नाहीतच, म्हणून तुमच्या पत्नींनी किंवा घरातील एखाद्या मोठ्या बाईंनी मुलीशी याबाबत मोकळेपणाने बोलावे, अशी माझी कळकळीची विनंती आहे.

हे इतक्या आग्रहाने लिहिण्याचे कारण माझ्या एका विद्यार्थिनीचे आहे. तेराव्या वर्षी तिला एका मोठ्या शहरातील नामांकित अकादमीत पाठवण्यात आले. मी विरोध केला नव्हता. तेव्हा मलाही ते योग्य वाटले होते. तिथे साठाहून अधिक मुले होती आणि पहिल्या दहा मुलांकडे मुख्य प्रशिक्षकांचे लक्ष होते, बाकीच्यांना सहायक सांभाळत. पाठ दुखते, असे ती चार महिने सांगत होती आणि तिला व्यायाम वाढवायला सांगितले जात होते. चौदा महिन्यांनी ती घरी परतली तेव्हा कमरेच्या मणक्याला तडा गेल्याचे निदान झाले, शाळेचे एक वर्ष बुडाले होते आणि रॅकेट हातात घ्यायची तिची इच्छा राहिली नव्हती. आज ती शिकून नोकरी करते आहे, सुखात आहे. पण त्या मुलीचा बॅकहँड मी पाहिलेल्या उत्तम बॅकहँडपैकी एक होता.

याचा अर्थ बाहेर पाठवूच नये, असा नाही. एका टप्प्यानंतर पाठवावेच लागते. उत्तराखंडातील अल्मोड्याचा लक्ष्य सेन लहान वयातच बंगळूरला गेला आणि २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये चौथा आला. कर्नाटकातील कारकळचा आयुष शेट्टीही बंगळूरला जाऊन तयार झाला आणि २०२५ मध्ये त्याने अमेरिकन ओपन जिंकली. पंजाबमधील होशियारपूरची तन्वी शर्मा आधी आईकडून शिकली, मग मोठ्या केंद्रांवर गेली, आणि २०२५ मध्ये गुवाहाटीला झालेल्या जागतिक ज्युनियर स्पर्धेत तिने रौप्यपदक मिळवले. या मुलांची उदाहरणे नातेवाईक देतात तेव्हा ती खरीच असतात. फक्त त्या मुलांनी गाव सोडले तेव्हा ती राष्ट्रीय पातळीवर नाव घ्यावे अशी किंवा तशी चिन्हे स्पष्ट दाखवणारी होती, हे सांगायचे राहून जाते.

माझ्या मते चौदा-पंधराव्या वर्षी, पंधरा वर्षांखालील गटात राज्यातील पहिल्या आठांत ती वर्षभरात दोन-तीनदा पोहोचली, आणि वहीतील पराभव मुख्यतः त्या आठांकडूनच होत असतील, तर बाहेर पाठवण्याची वेळ आली असे समजावे. तेव्हाही प्रथम पुण्याचा विचार करावा. महाराष्ट्राच्या संघनिवडीचे वातावरण तिथे आहे, २००४ च्या अथेन्स ऑलिंपिकमध्ये खेळलेले निखिल कानेटकर यांच्यासारखी माणसे तिथे शिकवतात, आणि सांगली पाच-सहा तासांवर राहते. अकादमी निवडताना भिंतीवरील छायाचित्रे पाहू नयेत. त्यांच्या क्रमवारीत तिसाव्या क्रमांकावर असलेल्या मुलीला दिवसातून किती तास कोर्ट मिळते, एका कोर्टवर किती मुले असतात, सराव कोण घेते आणि दुखापत झाली तर निर्णय कोण करते, हे विचारावे. तिथे दोन दिवस राहून त्या तिसाव्या मुलीच्या आईवडिलांना फोन करावा. तुमची मुलगी पहिल्या दिवशी त्याच जागी उभी असणार आहे.

आता पैशाचा भाग. बॅडमिंटनमध्ये बक्षिसांवर जगणारे खेळाडू जगभरात फार थोडे आहेत. मोठ्या स्पर्धांत एकेरीच्या विजेत्याला एकूण बक्षीस रकमेच्या साधारण सात टक्के मिळतात. २०२४ च्या ऑल इंग्लंड स्पर्धेची एकूण रक्कम १३ लाख डॉलर होती आणि एकेरीच्या विजेत्याला ९१ हजार डॉलर मिळाले. हा आकडा डोळ्यांत भरतो, परंतु खालच्या दर्जाच्या आंतरराष्ट्रीय स्पर्धांत, जिथून प्रत्येक नव्या खेळाडूला सुरुवात करावी लागते, उपांत्य फेरी गाठूनही विमानाचे भाडे निघत नाही. जागतिक अजिंक्यपद स्पर्धेत तर रोख बक्षीसच नसते. जागतिक क्रमवारी मागील ५२ आठवड्यांतील सर्वोत्तम दहा स्पर्धांच्या गुणांवरून ठरते, म्हणजे वर वर चढू पाहणाऱ्या खेळाडूला वर्षभरात दहाहून अधिक वेळा परदेशी जावे लागते. प्रायोजक किंवा नोकरी नसेल तर तो सगळा खर्च घरातून होतो. सरकारी मदत आहे, पण ती पोहोचलेल्यांसाठी आहे. खेलो इंडिया योजनेत निवडलेल्या खेळाडूला प्रशिक्षणाच्या सोयींबरोबर महिन्याला १० हजार रुपये किरकोळ खर्चासाठी मिळतात, आणि ऑलिंपिकच्या तयारीसाठीच्या ‘टॉप्स’ योजनेत मुख्य गटातील खेळाडूला महिन्याला ५० हजार. बाराव्या वर्षी काढलेले कर्ज या रकमांतून फेडता येईल, असा हिशेब कुणीही मांडू नये. द्राक्षाचे पीक एका अवकाळी पावसात जाते, हे मी तुम्हाला सांगण्याची गरज नाही. अशा उत्पन्नावर दुसरी तितकीच अनिश्चित गोष्ट उभी करू नये.

असे असूनही मी ‘होय, ही कारकीर्द आहे’ असे म्हणतो, कारण कारकीर्द म्हणजे केवळ पहिल्या पन्नासांतील क्रमवारी नव्हे. रेल्वे, तेल कंपन्या, विमानतळ प्राधिकरण, प्राप्तिकर विभाग, बँका आणि पोलीस दल यांनी देशातील खेळाडूंच्या अनेक पिढ्यांना नोकऱ्या दिल्या. महाराष्ट्र शासनाच्या नोकरभरतीत खेळाडूंसाठी पाच टक्के आरक्षण आहे आणि पदाच्या श्रेणीनुसार स्पर्धेची पातळी ठरलेली आहे. इथे एक व्यवहाराची गोष्ट लक्षात ठेवावी. विभागीय क्रीडा उपसंचालकांकडे प्रमाणपत्रांची पडताळणी होते आणि त्या वेळी दहा वर्षांपूर्वीच्या स्पर्धेची कागदपत्रे मागितली जाऊ शकतात. म्हणून प्रत्येक स्पर्धेचे प्रमाणपत्र, प्रवेशिका, छापील ड्रॉ आणि निकालपत्रक आजपासून एका फाइलमध्ये ठेवावे. जन्मदाखल्यावरची तारीखही एकदा तपासून घ्यावी. वयात फेरफार करून एक गट खाली खेळवण्याचा सल्ला तुम्हाला कधी ना कधी कुणीतरी देईल. तो देणाऱ्या माणसाला पुन्हा घरी येऊ देऊ नका.

एकेरीत मुलगी थांबली तर खेळ संपला, असेही समजू नये. लहान गावांतील प्रशिक्षक, त्यांत मीही आलो, बराच काळ दुहेरीकडे दुर्लक्ष करत राहिलो. २०११ मध्ये ज्वाला गुट्टा आणि अश्विनी पोनप्पा यांनी जागतिक स्पर्धेत कांस्यपदक मिळवले, २०२३ मध्ये मुंबईचा चिराग शेट्टी आणि सात्त्विकसाईराज रंकीरेड्डी ही जोडी आशियाई स्पर्धेत सुवर्णपदक जिंकून जागतिक क्रमवारीत पहिली आली, तेव्हा आमचे डोळे उघडले. ज्या मुलीचे हात जलद आहेत पण कोर्टभर पळण्याची क्षमता मध्यम आहे, तिला पंधराव्या वर्षी दुहेरीची ओळख करून द्यावी लागते. विसाव्या वर्षी शिकवायला उशीर झालेला असतो.

त्यापुढे प्रशिक्षणाचा मार्ग आहे. पतियाळाच्या राष्ट्रीय क्रीडा संस्थेचा पदविका अभ्यासक्रम आणि जागतिक संघटनेचे टप्प्याटप्प्याचे प्रशिक्षक अभ्यासक्रम केलेल्या माणसाला आज शाळा, क्लब आणि निवासी संकुलांतून काम मिळते. पंच होऊन जिल्ह्यापासून राज्य, राष्ट्रीय, आशियाई आणि जागतिक पातळीवर जाता येते, आणि खेळलेल्या मुली चांगल्या पंच होतात. क्रीडा फिजिओथेरपीला सांगली-मिरजेसारख्या वैद्यकीय केंद्रात मोठा वाव आहे. आणि आपल्याच जिल्ह्यातील सुकांत कदम याचे उदाहरण मी मुलांना आवर्जून सांगतो. गुडघ्याच्या दुखापतीनंतर तो पॅरा बॅडमिंटनकडे वळला, पुण्यात कानेटकर यांच्याकडे शिकला आणि २०२४ च्या पॅरिस पॅरालिंपिकमध्ये चौथ्या स्थानापर्यंत पोहोचला.

शाळेविषयी माझे मत ठाम आहे. दहावीपर्यंत नियमित शाळा सोडू नये. नागपूरच्या मालविका बनसोडने जानेवारी २०२२ मध्ये इंडिया ओपनमध्ये साईना नेहवालला हरवले, तेव्हा तिचे अभियांत्रिकीचे शिक्षण चालू होते. शालेय स्पर्धा, पुढे शिवाजी विद्यापीठाचा संघ, तिथून पश्चिम विभागीय आणि अखिल भारतीय आंतरविद्यापीठ स्पर्धा ही शिडी शिक्षणाला धरूनच चढायची असते, आणि नोकरीच्या अर्जात तिला वजन असते. महाराष्ट्रात दहावी-बारावीला खेळाडूंना सवलतीचे गुणही मिळतात. सकाळी दीड तास आणि संध्याकाळी दोन तास एवढा सराव चौदाव्या वर्षापर्यंत पुरेसा आहे. आठवड्यातून एक दिवस रॅकेटला हात लावायचा नाही, हा नियम मी मोडू देत नाही.

राहता राहिला तुमचा स्वतःचा भाग. सामना हरल्यानंतर घरी जाताना मोटारीत काय बोलले जाते, यावर मुले खेळात किती वर्षे टिकतात हे बरेच अवलंबून असते, असे मी पाहिले आहे. राज्य स्पर्धेतील पराभवानंतर तुम्ही तासगावपर्यंत तिच्याशी एक शब्दही बोलला नाही, असे तुमच्या पत्रात आहे. तुम्ही ते प्रामाणिकपणे लिहिले, याबद्दल मला तुमच्याविषयी आदर वाटतो. पुढच्या वेळी सामन्याविषयी बोलू नका, पण तिला भूक लागली आहे का, हे जरूर विचारा.

ऑक्टोबर छाटणीच्या धांदलीत तुम्हाला येणे जमणार नाही, हे मी जाणतो. छाटणी उरकली की एखाद्या रविवारी सकाळी सहाला तिला घेऊन हॉलवर या. सोबत वही असू द्या. तोपर्यंत तिच्यात पाच-सहा सामने लिहून झाले असतील. त्या दिवशी मी तिला तीन जणांशी खेळवणार आहे: तिच्यापेक्षा लहान मुलीशी, सोळा वर्षांच्या एका मुलाशी आणि सकाळच्या गटातील बावन्न वर्षांच्या एका गृहस्थांशी. तिघांपैकी दोघे तिला हरवतील. त्यानंतर ती पाणी पिऊन कोपऱ्यात बसते की पुन्हा कोर्टकडे पाहत उभी राहते, ते मला पाहायचे आहे.